मातीखाली ऊन नसते

खराब झालेल्या प्लास्टिकला वास असतो. महिनोन्महिने उन्हात पडून जीर्ण झालेला पातळ तुकडा बोटांत चुरडावा आणि बोटे नाकाशी न्यावीत; विझवलेल्या मेणबत्तीचा आणि खवट तेलाचा मिळून एक वास येतो. मेणबत्तीचा वास क्षणभराचा असतो. हा बोटांना धरून राहतो, साबणाने धुतला तरी नखांच्या कडेला उरतो, आणि त्याच हाताने भाकरी मोडली तर घासालाही लागतो. मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे या वासाचे कारण मला सांगता येते. प्लास्टिकचे लांबलचक रेणू तुटतात, त्यांतून लहान आम्ले आणि त्यांच्यासारखे दुसरे पदार्थ तयार होतात, ते हवेत उडतात आणि नाकापर्यंत पोहोचतात. कारण कळले की किळस जाते, असे मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आले. आता सांगत नाही.

साताऱ्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर माझ्या चार लाकडी चौकटी होत्या. दक्षिणेकडे तोंड केलेल्या, थोड्या तिरप्या, म्हणजे ऊन अधिकाधिक सरळ पडावे. त्यांवर मी मल्चिंगच्या कागदाच्या पट्ट्या चिमट्यांनी ताणून लावत असे. शहरातल्या वाचकासाठी सांगायला हवे, की हा कागद म्हणजे कागद नव्हेच. वरून चंदेरी आणि खालून काळे असे ते पातळ प्लास्टिक असते. शेतात वाफ्यावर ते अंथरतात आणि त्याच्या दोन्ही कडा मातीत दाबतात. मध्ये भोके पाडून रोपे लावतात. तण उगवत नाही, ओल टिकते. आमच्या भागात टोमॅटो, कलिंगड, आले यांच्या रानांत हा कागद आता सर्रास दिसतो. पीक निघाल्यावर तो बांधावरच्या बाभळींना अडकून फडफडत राहतो, तोही सर्रास दिसतो.

माझ्यापुढचा प्रश्न साधा होता. हा कागद उन्हात किती दिवस टिकतो? एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी मी प्रत्येक चौकटीवरून एक पट्टी कापून घेई, तिला क्रमांक घाली, फायलीत ठेवी, आणि सोमवारी सुट्टी असली किंवा रजा मिळाली की एसटीने कराडवरून सांगली गाठी. सांगलीतल्या एका कॉलेजात ताणयंत्र होते. पट्टीची दोन टोके त्याच्या दोन जबड्यांत धरायची आणि ती तुटेपर्यंत ओढायची. तुटण्यापूर्वी ती किती लांबली ते यंत्र सांगते. नवी पट्टी आपल्या लांबीच्या कितीतरी पट ताणली जाते. ऊन खाल्लेली पट्टी दिवसेंदिवस कमी ताणली जाते. ताणली जाण्याची शक्ती मूळच्या निम्म्यावर आली की पट्टीचे आयुष्य संपले, असे आमच्या विषयात धरतात.

यंत्र चालवणारे साहाय्यक निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. तिसऱ्या महिन्यात एकदा त्यांनी पट्टी जबड्यात धरली आणि ती ओढण्याआधीच फुटली.

"बाई, ही तर लावतानाच मेली की," ते म्हणाले. मग फायलीत डोकावले. "आणि हे काय? गेल्या खेपेला पट्ट्या वीतभर होत्या. ह्या निम्म्याच आहेत. बाकीचं कुठं गेलं?"

"गळून पडलं."

"पडलं ते कुठं गेलं?"

"झाडून टाकलं," मी म्हणाले.

ते हसले. मीही हसले. मला गच्ची स्वच्छ लागते. रोज सकाळी चौकटींखाली चंदेरी कोंडा पडलेला असे, पायाच्या ओल्या तळव्यांना चिकटे आणि जिन्यातून घरात येई. तो पाहिला की माझ्या अंगावर शहारा येई. म्हणून चहाच्या आधी मी गच्ची झाडत असे. उरलेले अजिंक्यताऱ्याकडून येणारा वारा झाडत असे. चौथ्या महिन्यात एक चौकट पूर्ण रिकामी झाली. मी वहीत लिहिले: नमुना संपला.

ही माझी चूक. पुढे जे काही घडले ते सगळे या दोन शब्दांतून घडले, म्हणून ती आधीच सांगून ठेवते.

आमचे गाव औंधपासून फार दूर नाही. माझा धाकटा भाऊ तिथे शेती करतो. विहिरीलगतचा एक तुकडा तेवढा भिजतो. बाकी सारे पावसाच्या भरवशावर. त्याला माझ्या शिक्षणाचा फार अभिमान. त्या वर्षीच्या हिवाळ्यात त्याने गावच्या शाळेच्या व्हरांड्यात चार शेतकरी जमवले आणि मला कागदाविषयी बोलायला लावले. मी तयारीनिशी गेले. प्लास्टिक म्हणजे काय हे सांगताना माझे एक ठरलेले उदाहरण असते, तेच दिले. शाळेच्या मैदानावर हात धरून उभ्या केलेल्या मुलींची लांबच लांब रांग डोळ्यांपुढे आणा. ही प्लास्टिकची साखळी. ऊन म्हणजे काय, तर एखादीच्या हाताला अवचित बसलेला चटका. तिचा हात सुटतो. तो मोकळा हात पकडायला हवेतला ऑक्सिजन टपलेलाच असतो. तो नुसता पकडून थांबत नाही, शेजारणीलाही ओढतो, आणि तिच्यामुळे तिसरीचा हात सुटतो. ऊन एकदा चटका देऊन जाते. पुढची मोडतोड ऑक्सिजन करत राहतो. अशी ती एक रांग तुटून तिच्या अनेक आखूड रांगा होतात.

उदाहरण सर्वांना कळले. एकाने विचारले, "मंजे मॅडम, पीक निघाल्याव कागद वडून काडायची गरज न्हाई?"

मी रिकामी चौकट पाहिलेली होती. मी म्हणाले, "तीन महिन्यांच्या उन्हात त्याचं काम संपतं. काढला नाही, तरी तो राहायचा नाही."

कुणीतरी हे मोबाइलवर घेतले आणि गावच्या ग्रुपवर टाकले. भावाने ते मला अभिमानाने तीनदा पाठवले.

वैशाखात त्याचा फोन आला. कलिंगडे निघाली होती. "आक्का, रोटर मारला गं आज. कागद वडत बसलो न्हाई. बायका मिळत न्हाईत, आन् वडला तर हातात भुगाच येतोय. तू म्हनलीस तसंच झालं बघ. सगळ्यांनीच मारला, गावात कुनी बी काडला न्हाई."

रोटर म्हणजे ट्रॅक्टरला जोडलेली फिरती पाती. ती माती आणि मातीवर जे असेल ते चिरून एकत्र कालवतात. मी "बरं झालं" म्हणाले. मला खरोखरच बरे वाटले होते.

त्या पावसाळ्यात तिथे घेवडा झाला. भाऊबिजेला मी गावी गेले आणि चार दिवस राहिले. आमच्याकडे घेवडा निघाल्यावर रिकाम्या रानात मेंढरे बसवतात. माण तालुक्यातून मेंढपाळ कळप घेऊन येतात, तीन-चार मुक्काम एका रानात करतात. मेंढरांच्या लेंड्या आणि मूत हे खत रानाला मिळते, आणि त्याच्या बदल्यात घरधनीण मेंढपाळाला जोंधळ्याचे पोते देते. आमच्या रानात माझ्या वडिलांच्या काळापासून एकाच घरचा कळप बसतो. तो घेऊन येणारे म्हातारे गृहस्थ माझ्या आईला बहीण मानत, म्हणून आम्ही त्यांना मामा म्हणतो. कोणत्या रानाला यंदा काय हवे ते त्यांना आमच्यापेक्षा अधिक कळते. ते ज्या रानात कळप बसवत नाहीत, त्या रानाविषयी गावात दबक्या आवाजात बोलतात.

तिसऱ्या सकाळी मी चहा घेऊन रानात गेले, तर मामा एका पडलेल्या मेंढीपाशी उकिडवे बसले होते. तिचे पोट डावीकडून फुगून तट्ट झाले होते. जीव गेलेला होता.

"साथ हाय का काय, बगाय पायजे," ते भावाला म्हणाले. "साथ आसली तर आज न्हाई, आत्ताच उठवाय पायजे कळप." आणि त्यांनी कमरेची सुरी काढली.

मी तिथून निघून जायला हवे होते. गेले नाही, कारण मी अशा वेळी पाहणारी बाई आहे. पोट उघडले तेव्हा प्रथम वाफ आली आणि तिच्यासोबत आंबलेल्या पाल्याचा असा वास, की भावाने तोंडावर टॉवेल दाबला. मामांनी कोपरापर्यंत हात आत घातला. हिरवा, अर्धवट चघळलेला चिखल बाहेर आला, आणि त्याच्यामागून, अडकत अडकत, एक गोळा. नारळाएवढा. मामांनी तो बादलीत बुडवून चोळला आणि बांधावरच्या दगडावर ठेवला. त्यात पांढऱ्या पिशवीचे कान होते, सुतळीसारखे निळे दोर होते. पण सर्वांना बांधून ठेवणारी, दोरखंडासारखी पिळलेली वस्तू चंदेरी होती. तिची खालची बाजू काळी होती.

 लाज वाटते ते सांगायला, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे तुकडे कागदाच्या कडेचे आहेत. कडा मातीत दाबलेली असते, म्हणून ही अजून चिवट आहे. आणि दुसरा विचार: नमुना म्हणून घ्यावेत.

तोंडातून मात्र तिसरेच निघाले. "मामा, तीन दिवसांत एवढा गोळा होत नाही."

"व्हय," ते शांतपणे म्हणाले. "दोन-तीन सालाचं आसंल ह्ये. लय रानं फिरलीया ती. तुमचं एकट्याचं न्हाई." त्यांनी सुरी मातीत घासून पुसली. "पर तुमचं बी हाय."

"पर मामा," भाऊ बोलू लागला, "ह्यो कागद तर राहतच न्हाई, आक्कानं—" आणि माझ्याकडे पाहून थांबला.

मी समजावून सांगू लागले. सवयीने. उन्हाने साखळ्या कशा तुटतात, हवा कशी लागते, तीन महिने कसे पुरतात. मामांनी सगळे ऐकून घेतले. मग त्या गोळ्याकडे बोट करून म्हणाले, "आवं मास्तरीनबाई, मेंढीच्या पोटात ऊन पडतंय व्हय?"

मामांनी कळपाकडे शीळ घातली. चौथा मुक्काम राहिला होता. तो त्यांनी केला नाही. साथ नव्हती, म्हणून ते फार दूर गेले नाहीत, पण आमच्या रानातून उठले. जोंधळ्याचे पोते मात्र नेले, कारण तीन मुक्काम झाले होते. मेलेली मेंढी त्यांनी स्वतःच खोल पुरली, आणि जाताना भावाला एवढेच म्हणाले, "फुडच्या साली येतो. रान बगून बसवीन."

त्यांचा कळप बसला नाही, तर नुकसान केवळ खताचे नव्हते. त्या ओलिताच्या तुकड्यावर माझ्या भावाचे घर चालते, आणि माझ्या शब्दावर त्याने तो तुकडा नासवला होता. तो रान नासले असे एकदाही म्हणाला नाही. त्याने तसे म्हटले असते, तर मला सोपे गेले असते.

साताऱ्याला परतल्यावर मी गच्ची झाडणे बंद केले. एवढे करून भागणार नव्हते. मी दहा कुंड्या आणल्या, त्यांत भावाच्या रानातली माती भरली आणि कागदाच्या पट्ट्या वीतभर खोल पुरल्या. काही नव्या, काही महिनाभर ऊन खाल्लेल्या. सांगलीच्या कॉलेजात तीव्र प्रकाशाच्या दिव्याची एक बंद पेटी होती. तिच्यात वारा नसतो आणि धूळ नसते. तिथे एका वजन केलेल्या बशीत पट्टी ठेवायची, तिचे जे काही होईल ते त्या बशीतच होऊ द्यायचे, आणि मग बशीसकट पुन्हा वजन करायचे, असे ठरवले. हे मी पहिल्याच वर्षी का केले नाही, असे कुणी विचारील. मला कुणी विचारले नव्हते म्हणून, हे एक उत्तर. पण ते खरे नाही. त्या साहाय्यकांनी विचारले होते, आणि मी हसले होते.

काही आठवड्यांनी त्यांनी बशी बाहेर काढली. पट्टी पिवळट पडली होती, जागोजागी तडकली होती. चिमट्याचे टोक लागताच तिची शकले झाली. त्यांनी तराजूवर बशी ठेवली, आकडा पाहिला, बशी उचलली, तराजू शून्यावर आणला, पुन्हा ठेवली.

"बाई, तराजू बिघडला बहुतेक. ही जड भरतीय."

तराजू बिघडला नव्हता. वजन वाढण्याचे कारण मला ठाऊक होते, पुस्तकात वाचलेले होते, वर्गात शिकवलेलेही होते: ऑक्सिजन साखळीला येऊन चिकटतो, आणि ऑक्सिजनला वजन असते. पुढे लहान पदार्थ उडून गेल्यावर वजन थोडे उतरते. पण सुरुवातीला, भुगा होत असताना, ती पट्टी मूळच्यापेक्षा किंचित जड होते. म्हणजे ज्या दिवसांत मी वहीत 'नमुना संपला' असे लिहिले, त्या दिवसांत तो वाढत होता. तो माझ्या केरसुणीखाली, जिन्यात, शेजाऱ्यांच्या तुळशीत, आणि बहुधा आमच्या पाण्याच्या टाकीत होता.

कुंड्यांचा निकाल आणखी वाईट होता. पुरलेली नवी पट्टी काही महिन्यांनी उकरून धुतली आणि जबड्यांत ओढली, तर ती नव्यासारखीच ताणली गेली. ऊन खाल्लेली पट्टी पुरताना जशी होती, जवळजवळ तशीच निघाली. मातीखाली ऊन नसते. तिथे गारवा असतो. उन्हात जे सुरू झाले होते, ते आम्ही गाडून थांबवले होते. भावाने रोटर मारला तो कागद नाहीसा करण्यासाठी. प्रत्यक्षात त्याने तो जपून ठेवला.

पुढच्या वैशाखात, पुन्हा रोटर फिरण्याआधी, मी त्याच व्हरांड्यात गेले. माणसे पहिल्यापेक्षा जास्त होती, कारण मेंढीची हकीकत सगळीकडे झाली होती. मी मुलींच्या रांगेचे उदाहरण पुन्हा काढले आणि म्हणाले, की गेल्या खेपेला मी ते अर्धेच सांगितले. रांग तुटते, आखूड रांगा होतात, हे खरे. पण मैदानावरून एकही मुलगी घरी जात नाही. कागद राहत नाही असे मी म्हणाले होते. ते चूक होते.

मागून एक जण म्हणाला, "मॅडम, पयल्यांदा जात हुता, आता ऱ्हातोय. फुडच्या साली काय सांगनार?"

"फुडच्या साली वाडतोय म्हनतील!" दुसरा म्हणाला, आणि व्हरांडाभर हशा झाला.

"वाढतोच," मी म्हणाले. "थोडासा. वजन करून पाहिलंय."

हशा थांबला. मग पहिल्याने जरा चिडूनच विचारले, "आवं, पर त्यो काडायचा कुनी? बायका मिळना झाल्यात. तुमी येनार हाय का वेचायला?"

"येते," मी म्हणाले.

म्हणून त्या सुट्टीत मी महिनाभर भावाच्या रानात वाकले. किळस हा शब्द मी फार वेळा वापरला आहे, पण तो मला खरा कळला तेव्हा. ढेकूळ फोडले की चंदेरी चट्टा दिसे. बोटांत धरला की त्याचे चार होत. चारांतले दोन उचलेपर्यंत उरलेल्या दोघांचे आठ. घामाने ते मनगटाला चिकटत, पापण्यांवर बसत. चाळणी लावली तर चाळणीतून पडत. आणि त्यांच्या मधूनच एखादी कडेची लांब, काळी, धडधाकट पट्टी निघे, सापाच्या कातेसारखी. ती ओढताना मुळ्या तटातट तुटत. मी प्रत्येक वाफ्याचे तुकडे वेगळ्या पिशवीत भरून पिशवीवर क्रमांक घालत होते.

"वन्सं," भावजय म्हणाली, "नंबर कशाला घालताय? पळून जानार हाय व्हय त्यो?"

तीही माझ्याबरोबर वेचत होती, आणि मला टोमणे मारण्याचा तिला पूर्ण हक्क होता. एके दुपारी ती पीठ मळायला बसली आणि मध्येच हात थांबवून परातीकडे पाहत राहिली. पांढऱ्या पिठात एक चंदेरी टिकली चमकत होती. तिने ती नखाने काढली, माझ्या समोर धरली आणि उंबऱ्याबाहेर टाकली. मग उठून बाहेर गेली, वाकून शोधली, उचलून आणली आणि माझ्या पिशवीत घातली. ते पीठ तिने बैलाला घातले नाही आणि आम्हालाही घातले नाही. त्या दिवशी भात झाला.

पाऊस पडला की धुऊन निघालेले तुकडे पुन्हा वर येत, आणि पुन्हा वेचावे लागत. भावाने त्या वर्षी कागद अंथरला नाही. तण माजले, त्याने खुरपले. घेवडा निघाल्यावर आम्ही शेवटची वेचणी केली. उभे राहून पाहिले तर रान स्वच्छ दिसत होते. तपकिरी, एकसारखे. मला तर ते सुंदर दिसले. भावजयीने जोंधळ्याचे पोते भरून, तोंड शिवून ओसरीवर ठेवले.

कार्तिकात मामा आले. कळप त्यांनी रस्त्यावरच कुत्र्याच्या हवाली केला आणि एकटे रानात उतरले. पायतण बांधावर काढून ठेवले. ते वाफ्यांच्या मधून चालले नाहीत. बांधाच्या कडेने चालले, जिथे पूर्वी कागदाची टोके दाबलेली असत. आम्ही तिघे मागून जात होतो. भावाच्या चालण्यात परीक्षेला बसलेल्या मुलाची घाई होती.

"लय वेचलंया," भाऊ म्हणाला. "आक्का म्हैनाभर हुती. सोळा पोती निघाली."

"दिसतंय," मामा म्हणाले. "झाडल्यागत केलंय रान."

ते एका ठिकाणी थांबले. मी पाहिले तर तिथे काहीच नव्हते. त्यांनी काठीचे टोक जमिनीत रोवले, फिरवले, वाकले, आणि दोन बोटांनी मातीतून हळूहळू ओढत एक पट्टी बाहेर काढली. हातभर लांब. झटकली. काळी बाजू ओलसर होती, चंदेरी बाजू चकचकीत. त्यांनी तिची दोन टोके दोन मुठींत धरली आणि हात पसरत नेले. पट्टी लांबली, मध्ये पातळ होत दुधी झाली, आणखी लांबली. तुटली नाही.

"तुमच्या मिशनीत ह्येच करता न्हवं?" त्यांनी मला विचारले.

"हो."

"दम हाय आजून हिच्यात." त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली. मग भावाकडे वळले. "न्हाई गड्या. औंदा न्हाई बसवत."

"मामा, आमच्या बापाच्या टायमापास्नं—"

"तुज्या बापाच्या रानात ह्ये नव्हतं रं." आवाजात राग नव्हता. "तू कष्ट केलंस, मला काय दिसत न्हाई व्हय? पर मेंढरू उभ्यानं बगत न्हाई, ते खाली मुंडी घालून बगतंय."

भावजयीने पोते तरी न्या म्हणून आग्रह केला. मामा जरा दुखावलेच. "न बसवता दानं न्हेऊ? भिकारी हाय व्हय मी?" त्यांनी पायतण घातले, शीळ घातली, आणि कळप वडूजच्या वाटेला लागला. गावातल्या दुसऱ्या कुणाच्या रानात ते थांबले नाहीत. त्या सगळ्यांनीही माझा शब्द ऐकलेला होता. भावाने ओसरीवरचे पोते खांद्यावर घेतले आणि आत नेऊन ठेवले.

बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात खुरपे होते. "आक्का, मग आता कवापतुर? किती वर्सं लागतील?"

मी शिक्षिका आहे. प्रश्न आला की उत्तर ओठांवर येते. तीन महिने हे उत्तर मी याच गावात किती नीट, किती सोदाहरण दिले होते. "मला माहीत नाही," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि मामांनी काठी रोवली होती तिथे जाऊन उकरू लागला. माझ्या हातात ती पट्टी तशीच होती. सवयीने मी ती नाकाशी नेली. ओल्या मातीचा वास आला, दुसरा काहीच नाही. ती अजून नवी होती.